मूळ चित्रे कुठे आहेत?

या लेखांकासाठी राखून ठेवलेला झाग्रेबच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा विषय एक आठवडा पुढे ढकलणे भाग आहे, कारण अ‍ॅनिमेशनकार अलेक्सांद्र पेत्रोववरील लेखांक वाचून एका वाचकाने जी शंका विचारली आहे, तिचे उत्तर दोन ओळींत उरकणे योग्य होणार नाही. शंका अशी आहे : 'द ओल्ड मॅन अँड द सी' या त्याच्या लघुपटासाठी काढलेली २९,००० हून अधिक तैलचित्रे आज कोणत्या संग्रहालयात आहेत, आणि ती कधी भारतात प्रदर्शनासाठी येऊ शकतील काय? उत्तर एवढेच की ती कोणत्याही संग्रहालयात नाहीत आणि असू शकत नाहीत, कारण त्यांतले प्रत्येक चित्र पुढचे चित्र काढण्यासाठी काही मिनिटांतच बदलले गेले, आणि बदल करणारा हात चित्रकाराचाच होता.

हे नीट समजण्यासाठी आधी रुळलेली पद्धत लक्षात घ्यावी लागते. डिस्नेच्या स्टुडिओत पक्की झालेल्या आणि नंतर जगभर पसरलेल्या पद्धतीत चित्र आधी कागदावर काढले जाई, मग सेल नावाच्या पारदर्शक तावावर उतरवून मागच्या बाजूने रंगवले जाई, आणि पार्श्वभूमीच्या चित्रावर तो ताव ठेवून कॅमेऱ्याने एक चौकट टिपली की तो बाजूला काढला जाई. या पद्धतीत मुख्य चित्रकार हालचालीचे महत्त्वाचे टप्पे, म्हणजे मुख्य चित्रे, काढून देई आणि त्यांच्यामधली चित्रे साहाय्यक भरत. एखादे मधले चित्र बिघडले तर तेवढेच नव्याने काढता येई. चित्रपट पूर्ण झाला की कागदांचे आणि सेलचे गठ्ठे उरत, ते लिलावात विकले जातात, संग्राहक त्यांना चौकटीत बसवतात. 'क्राक!' आणि 'द मॅन हू प्लँटेड ट्रीज' या दोन लघुपटांसाठी १९८२ आणि १९८८ साली ऑस्कर मिळवणारे कॅनडाचे फ्रेदेरिक बाक दुधी सेलवर रंगीत पेन्सिलींनी काम करत, आणि म्हणूनच त्यांच्या रेखाटनांची प्रदर्शने भरवता येतात. वाचकाने पेत्रोवच्या बाबतीतही हेच गृहीत धरले असेल, तर त्यात आश्चर्य नाही.

अलेक्सांद्र पेत्रोवच्या टेबलावर मात्र कागदच नसतो. खालून प्रकाश टाकलेल्या काचेवर सावकाश वाळणाऱ्या तैलरंगाने, बहुतांशी बोटांच्या टोकांनी, चित्र काढायचे, वर बसवलेल्या कॅमेऱ्याने ते टिपायचे, आणि मग त्याच काचेवरचा ओला रंग किंचित सरकवून, पुसून, वाढवून पुढची अवस्था तयार करायची, अशी ही पद्धत आहे; कुंचला फक्त बारीक तपशिलापुरता लागतो. काचेचे एकाहून अधिक थर एकमेकांपासून अंतर ठेवून मांडलेले असल्यामुळे माणसे एका थरावर आणि समुद्र दुसऱ्या थरावर हलवता येतो आणि चित्राला खोलीही मिळते. लघुपट सुमारे २० मिनिटांचा आहे, आणि पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. २० गुणिले ६० गुणिले २४ हा गुणाकार २८,८०० येतो. म्हणजे २९,००० चा आकडा प्रसिद्धीसाठी फुगवलेला नाही, जवळजवळ प्रत्येक चौकटीसाठी काच एकदा बदलली गेली आहे. माँट्रियलमध्ये, मुलगा दिमित्री याच्या मदतीने, मार्च १९९७ ते एप्रिल १९९९ असे सुमारे दोन वर्षे हे काम चालले, आणि २००० साली त्याला ऑस्कर मिळाले.

या पद्धतीला कॅमेऱ्याखालचे थेट अ‍ॅनिमेशन म्हणतात, आणि तिचा सर्वांत कडक नियम असा की येथे मागे जाता येत नाही. मुख्य चित्र आधी आणि मधली नंतर ही सोय नाही, कारण दहावे चित्र नवव्याच्या रंगातूनच निर्माण व्हायचे असते. कृती पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत सलग करत न्यावी लागते, आणि सत्तराव्या चौकटीला चूक ध्यानात आली तर उपाय एकच, पुन्हा पहिल्या चौकटीपासून सुरुवात. पेत्रोवच्या कॅमेऱ्याला निदान एक व्हिडिओ कॅमेरा जोडलेला होता. त्याच्या आधीच्या पिढीला तीही सोय नव्हती. फिल्म प्रयोगशाळेतून धुऊन येईपर्यंत हालचाल साधली की नाही हे कळण्याचा मार्ग नसे, आणि ती येईपर्यंत टेबलावर त्या हालचालीचा पुरावा उरलेला नसे. रांगोळीची उपमा येथे सहज सुचते, पण ती फसवी आहे. रांगोळी पूर्ण होते, लोक ती पाहतात आणि मग ती पुसली जाते, तर येथे पुसणे हाच काढण्याचा भाग असतो आणि मधल्या अवस्था कॅमेऱ्याखेरीज कोणी पाहिलेल्या नसतात.

पेत्रोवच्या आधीच्या पिढीतले सर्वांत मोठे नाव कॅरोलिन लीफ यांचे आहे, आणि वाचकाच्या शंकेचे खरे उत्तर पेत्रोवपेक्षा त्यांच्या कामात सापडते. सिएटलमध्ये १९४६ साली जन्मलेल्या लीफ यांनी हार्वर्डमध्ये शिकत असताना काचेवर वाळू पसरून १९६९ साली पहिला लघुपट केला. खालून येणारा प्रकाश जेथे वाळू आहे तेथे अडतो आणि जेथे बोटाने वाळू सारली आहे तेथून वर येतो, त्यामुळे पडद्यावर काळ्या आकृत्या आणि उजळ अवकाश यांचे चित्र दिसते. पुढे नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडा या सरकारी संस्थेत त्यांनी इनुइट लोककथेवरचा 'द आउल हू मॅरीड अ गूस' हा लघुपट वाळूतच केला, आणि नंतर त्या रंगाकडे वळल्या. १९७६ सालचा 'द स्ट्रीट' हा दहा मिनिटांचा लघुपट काचेवरच्या जलरंगात आहे; रंग वाळू नये म्हणून त्यात ग्लिसरीन मिसळलेले असे.

मॉर्डेकाय रिचलर यांच्या कथेवर आधारलेल्या या लघुपटात माँट्रियलच्या एका ज्यू वस्तीतले कुटुंब आहे. घरात आजी अंथरुणाला खिळलेली आहे आणि ती गेली की तिची खोली आपल्याला मिळणार, हे घरातल्या लहान मुलाला सांगितलेले आहे. तो वाट पाहतो, आजी जायला वेळ लावते, आणि सगळे घर त्या वाट पाहण्यात अडकून राहते. प्रसंगांमध्ये नेहमीची तोड जवळजवळ नाही. एक चेहरा विरघळत विरघळत पुढच्या प्रसंगाची जागा होतो, एक आकृती पसरून घर होते, घर आकसून पुन्हा माणूस उरतो. सेलवर असे रूपांतर करायचे तर ते ठरवून, आखून करावे लागेल आणि ती करामत वाटेल; ओल्या रंगात ते माध्यमाच्या स्वभावातूनच येते, कारण तो रंग पुसल्याशिवाय दुसरे काही काढताच येत नाही. आजी ज्या घरात हळूहळू नाहीशी होते, ते घर ज्या काचेवर काढले आहे त्या काचेवरून प्रत्येक क्षणी काही तरी नाहीसे होत असते. आशय आणि साधन यांचे इतके घट्ट जुळणे लघुपटांच्या इतिहासात फार थोड्या वेळा घडले आहे. ऑस्करसाठी 'द स्ट्रीट'ला नामांकन मिळाले. पुरस्कार मात्र ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस पेटी यांच्या 'लेझर' या लघुपटाला गेला, ज्याची आठवण आज क्वचितच कोणी काढतो.

मूळ चित्र न उरणारी माध्यमे आणखीही आहेत. अलेक्सांद्र अलेक्सेयेफ आणि क्लेअर पार्कर यांनी टाचण्यांचा पडदा शोधून काढला. उभ्या फलकाला लाखो छिद्रे, प्रत्येक छिद्रात पुढेमागे सरकणारी टाचणी, आणि बाजूने टाकलेला प्रकाश, म्हणजे टाचणी जितकी पुढे तितकी तिची सावली लांब आणि तो भाग तितका काळा. दोघे त्या फलकाच्या दोन बाजूंना बसून काम करत, आणि त्यातून १९३३ साली 'नाइट ऑन बाल्ड माउंटन' तयार झाला. फिल्म बोर्डाने १९७२ साली २,४०,००० टाचण्यांचा असा एक पडदा घेतला, आणि त्यावर जाक द्रुएँ यांनी 'माइंडस्केप' केला. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये शिकलेले इशू पटेल त्याच बोर्डात होते. १९७७ सालचा त्यांचा 'बीड गेम' हजारो रंगीत मण्यांनी घडवलेला आहे, आणि चित्रीकरण संपल्यावर मागे उरले ते केवळ मणी. त्या वर्षीच्या ऑस्करमध्ये 'बीड गेम'ला नामांकन होते आणि पुरस्कार को हुडमन यांच्या 'द सँड कॅसल' या वाळूच्या बाहुल्यांच्या लघुपटाला मिळाला. एकाच वर्षी एकाच संस्थेचे दोन लघुपट समोरासमोर येणे बोर्डासाठी नवलाचे नव्हते.

एक अपवाद नोंदवायला हवा. दक्षिण आफ्रिकेचे विल्यम केंट्रिज कोळशाने कागदावर चित्र काढतात, एक चौकट टिपतात, थोडे खोडतात, पुन्हा काढतात. पद्धत तीच, पण कोळसा कधी पूर्ण पुसला जात नाही, त्यामुळे आधीच्या हालचालींच्या राखाडी खुणा कागदावर साचत जातात आणि दृश्य संपल्यावर सगळा प्रवास अंगावर वागवणारे एक चित्र शिल्लक राहते. ही चित्रे दालनांत लागतात आणि विकली जातात. केंट्रिज यांच्या १९८९ पासूनच्या लघुपटांत वर्णद्वेषी राजवटीची स्मृती हा विषय असल्यामुळे न पुसल्या जाणाऱ्या खुणांना तेथे अर्थ आहे, आणि तो पेत्रोव किंवा लीफ यांच्या काचेवर निर्माण होऊच शकला नसता.

म्हणून २९,००० या आकड्याचे कौतुक थोडे आवरते घ्यावे असे सुचवावेसे वाटते. कष्ट सेलच्या चित्रपटातही असतात, आणि संख्या तेथेही मोठ्याच असतात. पेत्रोवचा हात विलक्षण आहे, समुद्राचे पाणी आणि म्हाताऱ्याची स्वप्ने यांत ओला रंग जे करतो ते दुसऱ्या कोणत्याही साधनाने झाले नसते. परंतु होडीतल्या लांब प्रसंगांत त्याची चित्रे पुष्कळदा उत्तम पुस्तकातल्या सजावटीच्या चित्रांसारखी स्थिर सौंदर्याकडे झुकतात, आणि ती जपून ठेवता आली असती तर बरे, असे पाहणाऱ्याला वाटू लागते. वाचकाची शंका मुळात त्यामुळेच निर्माण झाली असावी. 'द स्ट्रीट' पाहताना हा विचार मनात येत नाही, आणि ऑस्कर न मिळूनही तो या दोघांतला श्रेष्ठ लघुपट ठरतो तो याच कारणाने.

'द स्ट्रीट' फिल्म बोर्डाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. झाग्रेबकडे वळण्याआधी वाचकांनी तो पाहून घ्यावा, कारण पुढील लेखांकात दुशान वुकोतिच यांच्या 'सुरोगात' या लघुपटाची चर्चा करताना 'द स्ट्रीट'शी तुलना करावी लागणार आहे.