हाकेच्या अंतरावरची हिरवाई

‘आरोग्य हीच खरी संपत्ती’ हे वचन आपल्या परिचयाचे आहे. ही संपत्ती जपण्यासाठी आहार, व्यायाम, औषधोपचार आणि आरोग्य विमा यांचा विचार आपण करतो. दारासमोरच्या झाडाचा मात्र सहसा करीत नाही. एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेले आणि पुढे ‘उद्याननगरी’ म्हणून नावारूपास आलेले बेंगळूरु या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

हैदर अलीने १७६० साली आरंभिलेले, आज २४० एकरांवर पसरलेले लालबाग उद्यान आणि १८७० मध्ये साकारलेले कब्बन पार्क ही या नगरीची भूषणे होत. १८९८ मध्ये प्लेगने जुन्या पेठांत थैमान घातले, तेव्हा बसवनगुडी व मल्लेश्वरम या रुंद रस्त्यांच्या, हवेशीर वसाहतींकडे लोक वळले. मोकळी जागा ही चैन नसून आरोग्याची गरज आहे, हा धडा त्या साथीने दिला. पुढे १९८० च्या दशकात वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांच्या पुढाकाराने शहरात सुमारे १५ लाख झाडे लावली गेली.

झाडे नेमके काय करतात?

पर्यावरण-अभ्यासक हरिणी नागेंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंगळूरुच्या रस्त्यांवर प्रत्यक्ष मोजमापे घेतली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, वृक्षाच्छादित रस्त्यावर हवेचे तापमान ५.६ अंश सेल्सिअसपर्यंत, तर डांबराच्या पृष्ठभागाचे २७.५ अंशांपर्यंत कमी आढळले. श्वसनमार्गाला त्रासदायक ठरणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचे प्रमाणही ६५ टक्क्यांपर्यंत घटलेले होते. वातानुकूलित मोटारीतून जाणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. भाजीची हातगाडी लावणाऱ्याला किंवा बसथांब्यावर ताटकळणाऱ्या कामगाराला तो दिवसभर जाणवतो.

हिरवाईचा प्रभाव मनावरही पडतो. अमेरिकेतील संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये एका रुग्णालयातील पित्ताशय-शस्त्रक्रियेच्या रुग्णांची तुलना केली. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. २००८ मध्ये इंग्लंडविषयी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अधिकच बोलका आहे. गरीब व श्रीमंत यांच्या मृत्युदरातील तफावत हिरव्या परिसरांत तुलनेने कमी आढळली.

अंतराचे गणित

सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, अर्धा-अर्धा तास भरभर चालणे. परंतु बागेत पोहोचण्यासाठीच वाहतूक कोंडीत तास मोडणार असेल, तर हा संकल्प चार दिवसांत विरून जातो. लालबाग कितीही रम्य असले तरी व्हाइटफील्डच्या रहिवाशाला ते रोज उपयोगी पडत नाही. म्हणूनच याच संघटनेच्या युरोपीय कार्यालयाने २०१६ च्या अहवालात, घरापासून ३०० मीटरच्या आत किमान अर्धा हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वा एकर हिरवी जागा असावी, असा निकष सुचविला. पाच मिनिटांच्या चालीवरची ही छोटी बाग वृद्धांना, बालकांना आणि घरकामातून अर्धा तास काढणाऱ्या गृहिणीला खऱ्या अर्थाने आपली वाटते.

गृहकर्ज घेऊन घर निवडताना आपण चटईक्षेत्र, वाहनतळ आणि व्याजदर यांची बारकाईने चौकशी करतो. त्या यादीत आणखी दोन प्रश्नांची भर घालावी: पायी जाण्याजोग्या अंतरावर बाग आहे काय? आणि रस्त्यावर सावली आहे काय? आधीच स्थायिक झालेल्यांनी आहेत ती झाडे राखावीत. कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये वृक्षतोडीसाठी परवानगी आवश्यक आहे, याचे भान गृहनिर्माण संस्थांनी ठेवावे.

झाड ही दीर्घ मुदतीची ठेवच होय. ठेवीदार एक असतो, लाभार्थी अनेक. ती मुदतीपूर्वी मोडली, तर नुकसान मात्र साऱ्या वस्तीचे होते.