पाण्याला विरजण

२००४ सालची गोष्ट. माझ्या मुलीला आठवं वर्ष लागलं, त्या दिवशी आम्ही घरी फिशटँक आणला. साठ लिटरचा. तळाला रंगीत खडे, मागे समुद्राचं चित्र आणि बुडबुडे सोडणारा पंप. दुकानदार म्हणाला, ‘‘पाणी भरा आणि मासे सोडा.’’ आम्ही तसंच केलं. सहा गोल्डफिश सोडले.

चौथ्या दिवशी मासे वर येऊन धापा टाकू लागले. मला वाटलं, भुकेले असतील. मी आणखी दाणे टाकले. पाणी गढूळ झालं तेव्हा ते सगळं उपसलं, खडे आणि स्पंज नळाखाली घासून धुतले, काच लख्ख पुसली. आठवडाभरात सहाही मासे गेले. वाढदिवसाच्या आनंदावर विरजण पडलं.

‘‘अब्बा, पाणी तर स्वच्छ होतं ना?’’ मुलीनं विचारलं. बी.ए.ला मराठी घेतलेल्या माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. ते मला फार उशिरा मिळालं. आज श्रोत्यांना तेच सांगायचं आहे.

मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. त्याची विष्ठा आणि न खाल्लेले दाणे कुजूनही अमोनियाच होतो. तळ्यात पाणी अफाट असतं. काचेच्या पेटीत मात्र हे विष साठत जातं आणि माशाचे कल्ले पोळतात. ते डोळ्यांना दिसत नाही. नितळ पाणीही विषारी असू शकतं.

यावर उपाय निसर्गानंच करून ठेवला आहे. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. पण नायट्राइटही विषच. ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद हिरावून घेतं. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच निरुपद्रवी असतं. पाणवनस्पती ते शोषतात, उरलेलं आपण पाणी बदलून काढू शकतो. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास मातीतल्या या जिवाणूंचा शोध लावला. शेतातल्या पिकाला नायट्रेट मिळतं ते याच वाटेनं. ही दोन्ही कामं एकट्यानं करणारे जिवाणूही २०१५ साली सापडले. त्यांतले काही तर मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच होते.

हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते स्पंजला, खड्यांना, काचेला चिकटून राहतात. म्हणजे मी नळाखाली घासून काढली ती घाण नव्हती. नुकतेच वस्तीला येऊ लागलेले राखणदार होते ते. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिननं उरलेसुरले मारले.

दही एका रात्रीत लागतं. हे जिवाणू मात्र सावकाश वाढतात. त्यांना साधारण चार ते सहा आठवडे द्यावे लागतात, आणि तेही मासे आणण्यापूर्वी. टाकी भरावी. क्लोरिन घालवणारे थेंब दुकानात मिळतात, ते टाकावेत. फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवावा. जिवाणूंना खायला अमोनिया हवा, म्हणून रोज चिमूटभर माशांचे दाणे टाकावेत. किंवा सुवास आणि साबण नसलेला अमोनिया लिटरमागे दोन मिलिग्रॅम या प्रमाणात घालावा. एखाद्याकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या स्पंजचा ओला तुकडा मागून आणावा. हेच आपलं विरजण. त्यानं बरेच दिवस वाचतात.

पाणी तपासायचे थेंब आणि नळ्या विकत मिळतात. आधी अमोनिया चढतो. तो उतरू लागला की नायट्राइट चढतं. शेवटी दोन्ही शून्यावर येतात आणि नायट्रेट दिसू लागतं. अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत दोन्ही शून्य झाले, की टाकी तयार झाली असं समजावं. मग अर्धंअधिक पाणी बदलून दोन-तीनच मासे सोडावेत. बाकीचे हळूहळू. एकदम भरणा केला तर जिवाणू पुरे पडत नाहीत.

कुणाच्या घरी नव्या टाकीत आत्ताच मासे धापा टाकत असतील, तर दाणे थांबवा. क्लोरिन काढलेल्या पाण्यानं रोज पाव ते अर्धं पाणी बदला. स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका.

२०२४ साली माझ्या मुलीनं तिच्या मुलासाठी टाकी आणली. पाच आठवडे ती रिकामीच होती. नातू रोज विचारायचा, ‘‘नाना, मासे कधी?’’ मी त्याला नळीतला रंग दाखवायचो, ‘‘बघ, अजून हिरवा आहे. पिवळा होऊ दे.’’ शेजारी हसायचे, रिकाम्या पाण्याची राखण करणारा म्हातारा म्हणायचे. छत्तिसाव्या दिवशी तीन गप्पी सोडले. आठवडा गेला, महिना गेला, तिघेही पोहत होते.

पहिल्यांदा स्पंज साफ करायची वेळ आली तेव्हा मुलीनं बादलीत टाकीतलंच पाणी काढलं आणि त्यात तो अलगद पिळला. माझ्याकडे बघून ती काही बोलली नाही. मीही नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)