तंतुवाद्यांची वांटणी

पावसाळा सरला म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढतात. नांदगावच्या आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं पुष्कळांनीं तो देखावा पाहिला असेल. जाळ्याच्या दोन टोकांस दोन दोर असतात व माणसांच्या दोन रांगा ते ओढीत असतात. दोर दोनच, म्हणून प्रत्येकावर हात पुष्कळ. तेवढ्याच माणसांस दहा दोर दिले तर जाळें किनाऱ्यास येईल काय? मोठ्या वाद्यवृंदासाठीं संगीतरचना करणाऱ्यापुढेंहि असाच प्रश्न असतो. तो कसा, हें आज आम्ही सांगणार आहों.

पाश्चात्त्य पद्धतीच्या वाद्यवृंदांत तंतुवाद्यांचे पांच विभाग असतात: पहिलीं व्हायोलिनें, दुसरीं व्हायोलिनें, व्हियोला, चेलो व डबल बेस. मोठ्या वृंदांत त्यांची संख्या सामान्यतः अनुक्रमें १६, १४, १२, १० व ८, म्हणजे एकूण ६० असते. एका विभागांतील सर्व वादक एरवीं एकच ओळ वाजवितात. परंतु अधिक स्वर हवे असल्यास रचनाकार त्या विभागाचे दोन, तीन किंवा चार भाग करतो व कागदावर ‘दिविझी’ हा इटालियन शब्द लिहितो. त्याचा अर्थ ‘विभागलेले’. दोन वादक एकाच स्टँडवरील कागद पाहून वाजवीत असतात. त्यांपैकीं श्रोत्यांच्या बाजूस बसलेला वरची ओळ घेतो व आंतल्या बाजूचा खालची. एकटा वादकहि दोन तारांवर एकदम गज फिरवून दोन स्वर काढूं शकतो. म्हणून लिहिलेले दोन स्वर प्रत्येकानें वाजवावयाचे कीं वांटून घ्यावयाचे, हें स्पष्ट सांगावें लागतें.

सोळा वादकांचे दोन भाग केले तर प्रत्येक ओळीस आठ उरतात. चार केले तर चारच. वादक निम्मे झाले म्हणून आवाज निम्मा ऐकूं येतो असें नाहीं. तो थोडासाच उतरतो. परंतु पुष्कळ गज एकत्र फिरल्यानें जो भरदार नाद उठतो, तो विरळ होत जातो. कित्येकदां हा विरळपणाच हवा असतो. वॅग्नर यांच्या ‘लोहेन्ग्रिन’ या संगीत नाटकाच्या (पहिला प्रयोग १८५०) प्रारंभीं व्हायोलिनांचे आठ भाग केले आहेत: चार एकेकटे वादक व बाकीच्यांचे चार गट. तेथें नाद मुद्दामच पातळ ठेविला आहे. उलट दबुसी यांनीं १९०५ सालच्या आपल्या समुद्रावरील रचनेंत चेलोंचे चार भाग केले, पण त्यासाठीं १६ चेलो मागितले. प्रत्येक दोरावर चार माणसें त्यांस हवीं होतीं.

ही विद्या आपल्या किनाऱ्यास परकी नाहीं. शेजारच्या गोमंतकांत चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत, आणि तेथील अनेक वादक पुढें मुंबईच्या चित्रपटसंगीतांत नांवारूपास आले. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांपैकीं एक. त्यांनीं १९५८ सालीं मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणांत मोठा वाद्यवृंद जमवून हिंदुस्थानी रागांवर आधारलेल्या आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर व मन्ना डे त्यांत गायले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं लक्ष्मीकांत यांच्यासह संगीत दिलेल्या ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटांतील एका गीतामुळें गुरूंचें नांव घरोघरीं पोंचलें.

राग हाताळतांना मात्र वांटणी अधिक कठीण होते. वृंदावनी सारंगांत गंधार व धैवत वर्ज्य आहेत. व्हायोलिनांचे तीन भाग करून पाश्चात्त्य रीतीनें सा, ग, प असा मेळ वाजविला तर तो कानास गोड लागेल. पण वर्ज्य गंधार आल्यानें सारंग उरणार नाहीं. अशा वेळीं गंधाराऐवजीं रिषभ घ्यावा, नाहींतर वांटणीच करूं नये.

लहान वृंदास तर फारच जपावें लागतें. एखाद्या शाळेंत सहा व्हायोलिनें असलीं व त्यांचे तीन भाग केले, तर प्रत्येकीं दोनच उरतात. एकटा वादक स्वच्छ ऐकूं येतो. तिघे एकत्र असले तर किंचित् चूक मिसळून जाते. पण दोघांच्या स्वरांतील बारीकसा फरकहि कानास खुपतो. म्हणून तीन-तीनांचे दोनच भाग करावे व तिसरा स्वर हार्मोनियमकडे द्यावा.

शेवटीं पालकांस एक विनंति. खालची ओळ ज्याच्या वांट्यास येते, तो मुलगा किंवा ती मुलगी घरीं सराव करूं लागली कीं ओळखीचें गाणें ऐकूं येत नाहीं. तेच तेच दोन-तीन स्वर येतात, आणि ‘याला चाल येतच नाहीं’ असें घरच्यांस वाटतें. कित्येक मुलें त्या बोलण्यानेंच वाद्य खालीं ठेवितात. तसें बोलण्यापूर्वीं एकदां तालमीस येऊन बसावें. त्या मुलास मध्येंच थांबावयास सांगितलें म्हणजे वरची चाल कशी उघडी पडते, तें तेथें आपल्या कानांनीं कळेल.