बचावफळीतील खेळाडूची कीर्ती व तिची भाषा : ‘बबा’ स्मिथ यांच्या स्मृतीविषयी काही विचार

खेळाडूची कीर्ती त्याच्या पश्चात दोन साधनांनी टिकते : आकडे आणि शब्द. ज्याच्या पराक्रमाची मोजदाद होऊ शकते त्याच्या बाबतीत आकडा हे मुख्य साधन ठरते व शब्द त्याला केवळ शोभा आणतात. परंतु ज्याच्या कामगिरीची मोजदादच झालेली नसते, त्याची स्मृती सर्वस्वी शब्दांवर अवलंबून राहते. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये बचावफळीत खेळणारे जुने खेळाडू ह्या दुसऱ्या वर्गात मोडतात. अशा खेळाडूला त्याचे चाहते कोणत्या भाषेत स्मरतात, आणि ती भाषा त्याच्या आयुष्यातील काय जतन करते व काय गाळते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या संघातील चार्ल्स आरन ऊर्फ ‘बबा’ स्मिथ (१९४५–२०११) होत.

प्रथम खेळाचे स्वरूप ध्यानात घेणे इष्ट आहे. आपल्याकडे फुटबॉल म्हणून जो खेळ ओळखला जातो त्याहून हा खेळ भिन्न आहे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चढाईचे सूत्रचालन ‘क्वार्टरबॅक’ नावाचा खेळाडू करतो. त्याच्यापुढे त्याच्याच संघातील धिप्पाड खेळाडूंची भिंत उभी असते, आणि त्या भिंतीसमोर, जेमतेम चेंडूच्या लांबीचे अंतर राखून, प्रतिपक्षाची बचावफळी एक हात जमिनीला टेकून दबा धरून बसलेली असते. चेंडू हलताच दोन्ही फळ्या एकमेकींवर आदळतात. बचावफळीतील खेळाडूचे काम भिंत फोडून क्वार्टरबॅकपर्यंत अथवा चेंडू नेणाऱ्यापर्यंत पोहोचणे व त्याला खाली पाडणे हे होय. ही चकमक काही सेकंदांची असते. परंतु एका सामन्यात ती कित्येक डझन वेळा घडते.

ह्या श्रमांची नोंद कशी होते? चेंडू फेकणाऱ्याचे व तो घेऊन धावणाऱ्याचे यार्ड पहिल्यापासून मोजले जात आले. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यापूर्वीच पाडण्याच्या क्रियेला इंग्रजीत ‘सॅक’ म्हणतात. शहर लुटणे ह्या अर्थाचा हा जुना शब्द खेळात रूढ करण्याचे श्रेय डीकन जोन्स ह्या बचावपटूला दिले जाते. तथापि व्यावसायिक संघांच्या राष्ट्रीय संघटनेने ही क्रिया वैयक्तिक आकडा म्हणून अधिकृतपणे नोंदविण्यास १९८२ साली आरंभ केला आणि महाविद्यालयीन खेळात तशी नोंद २००० सालापासून होऊ लागली. स्मिथ महाविद्यालयीन संघातून खेळले ते १९६४ ते १९६६ ह्या तीन हंगामांत. अर्थात् त्यांनी किती क्वार्टरबॅक पाडले ह्याचा अधिकृत आकडा उपलब्ध असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. १९६५ साली मिशिगन स्टेटविरुद्ध नॉटर डेम विद्यापीठाच्या संघाची धावून मिळविलेली एकूण मजल उणे १२ यार्ड इतकी भरली. म्हणजे त्या संघाचे धावपटू पुढे जाण्याऐवजी मागेच रेटले गेले. हा आकडा विलक्षण खरा. परंतु तो संपूर्ण संघाचा आहे, त्यातील स्मिथ यांचा वाटा किती हे तो सांगू शकत नाही.

आकड्याची ही रिकामी जागा शब्दांनी भरून काढली. त्यांतील पहिला शब्द म्हणजे त्यांचे नाव. ‘बबा’ हे अमेरिकेच्या दक्षिण भागात सर्रास आढळणारे घरगुती नाव असून, ‘भाऊ’ ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा लहान मुलाच्या तोंडी होणारा अपभ्रंश हे त्याचे मूळ मानले जाते. स्मिथ यांचा जन्म टेक्सास राज्यातील ऑरेंज ह्या गावी झाला व ते जवळच्याच बोमाँट येथे वाढले. त्यांचे वडील शालेय फुटबॉलचे नामांकित शिक्षक होते. टेक्सास विद्यापीठाकडून खेळावे अशी स्मिथ यांची इच्छा होती; परंतु त्या काळी तेथील मुख्य संघात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, आणि पुढे १९७० साली त्या संघातून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू खेळला. डफी डॉहर्टी ह्या प्रशिक्षकाने दक्षिणेतील अनेक कृष्णवर्णीय युवकांना उत्तरेकडे, ईस्ट लान्सिंग येथील मिशिगन स्टेट विद्यापीठात आणले. त्यांतील एक स्मिथ हे होत. ६ फूट ७ इंच उंचीच्या ह्या युवकाला हजारोंचा समुदाय त्याच्या घरच्या, भावंडांनी हाक मारावयाच्या नावाने हाका मारू लागला.

दुसरी शब्दरचना अधिक प्रसिद्ध आहे. ‘किल्, बबा, किल्’ असा घोष त्या विद्यापीठाच्या क्रीडांगणावर होत असे व स्मिथ यांचे नाव निघाले की जुन्या चाहत्यांच्या ओठी तो अजूनही येतो. भाषादृष्ट्या ही रचना लक्षणीय आहे. अक्षरे चार, आघात तीन. मध्ये संबोधन आणि दोन्ही बाजूंस एकच आज्ञार्थी क्रियापद. समुदायाने एका सुरात म्हणण्यास इतकी सोयीची रचना क्वचितच आढळेल. मराठीत ह्या घोषाचे भाषांतर करू गेल्यास एक अडचण जाणवते. मराठी ‘मार’ ह्या आज्ञार्थात प्रहार करणे व प्राण घेणे हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. इंग्रजी क्रियापदाचा वाच्यार्थ मात्र प्राण घेणे एवढाच आहे. म्हणजे मराठीत जे अभिधेने साधते त्यासाठी इंग्रजीत लक्षणेचा आश्रय घ्यावा लागतो. प्रेक्षकांना कोणाचा मृत्यू अभिप्रेत नव्हता हे उघड आहे. मुख्यार्थाचा बाध होऊन ‘प्रतिपक्षाला नामोहरम कर’ हा लक्ष्यार्थ प्रत्येक जण सहज ग्रहण करी. परंतु ह्या रचनेत आणखी एक विशेष आहे. क्रियापद सकर्मक असून कर्म अध्याहृत आहे. कोणाला मारावयाचे हे घोषात सांगितलेले नाही. ते ऐकणाऱ्याने प्रसंगावरून पुरवावयाचे असते.

१९ नोव्हेंबर १९६६ रोजी ते कर्म सर्वांना मूर्तिमंत दिसले. त्या दिवशी ईस्ट लान्सिंग येथे क्रमवारीत पहिला असलेला नॉटर डेमचा संघ व दुसरा असलेला मिशिगन स्टेटचा संघ ह्यांची गाठ पडली. पहिल्याच सत्रात स्मिथ यांनी नॉटर डेमचा क्वार्टरबॅक टेरी हॅनरॅटी ह्याला पाडले; त्याचा खांदा दुखावला व तो पुन्हा खेळू शकला नाही. सामना १०–१० असा बरोबरीत सुटला. चाहत्यांच्या स्मृतीत स्मिथ यांचे तीन हंगाम ह्या एका क्षणात गोळा झालेले दिसतात. वास्तविक हॅनरॅटी गेल्याने मिशिगन स्टेटचा फायदा झाला असे निकाल सांगत नाही. त्याच्या जागी आलेल्या कोली ओब्रायनने नॉटर डेमला बरोबरी साधून दिली. तरीही तो प्रसंग टिकून राहिला, ह्याचे कारण असे की, घोषातील रिकाम्या जागी नेमके बसणारे कर्म त्याने पुरविले. स्मृती अशा वेळी घटनेचा परिणाम पाहत नाही. उच्चारलेल्या शब्दाशी तिचा मेळ पाहते.

शब्द व्यक्तीवर कसा आरूढ होतो ह्याचे दुसरे उदाहरण त्याच काळातले आहे. नॉर्थ टेक्सासच्या महाविद्यालयीन संघात जो ग्रीन नावाचा बचावपटू होता. त्या संघाचा गणवेश हिरवा. त्यावरून संघाच्या बचावाला ‘मीन ग्रीन’ असे यमकयुक्त नाव पडले. ‘मीन’ म्हणजे दुष्ट, खुनशी. रंगवाचक ‘ग्रीन’ आणि आडनाव ‘ग्रीन’ ह्यांच्या उच्चारसाम्यामुळे संघाचे विशेषण खेळाडूला चिकटले व तो जन्मभर ‘मीन जो ग्रीन’ झाला. ते बिरुद त्याला स्वतःला फारसे रुचत नसे. १९७९ साली एका शीतपेयाच्या जाहिरातीत, थकलेला ग्रीन एका लहान मुलाला आपला सदरा बक्षीस देतो असे दृश्य दाखविले गेले, तेव्हा कोठे त्या विशेषणाची धार बोथट झाली. बचावपटूविषयीची भाषा स्वभावाचे वर्णन करीत असल्याचा आभास निर्माण करते. प्रत्यक्षात ती अनेकदा ध्वनीच्या मागे जाते.

स्मिथ यांच्या उत्तरायुष्यातही असेच एक वळण आढळते. १९६७ साली व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले त्या वेळी सर्वप्रथम निवड त्यांची झाली. बाल्टिमोर, ओकलंड व ह्यूस्टन येथील संघांकडून ते १९७६ पर्यंत खेळले. पुढे ‘पोलीस ॲकॅडमी’ (१९८४) ह्या चित्रपटात व त्याच्या उत्तरभागांत मितभाषी, सौम्य अशा अजस्र पोलिसाची भूमिका करून ते नव्या प्रेक्षकांना परिचित झाले. एका बीअरच्या जाहिरातींतही ते दिसत असत. आपल्या जुन्या विद्यापीठात मिरवणुकीचे अग्रणी म्हणून ते गेले असता विद्यार्थ्यांनी त्यांचे स्वागत त्या जाहिरातीतील वाक्यांच्या घोषाने केले. आरोळ्या देणाऱ्यांत मद्यधुंद विद्यार्थी पाहून स्मिथ अस्वस्थ झाले आणि त्यांनी त्या जाहिराती सोडल्या. घोष हा निरुपद्रवी ध्वनी नसून तो उच्चारणाऱ्यांवरही काही परिणाम करतो, ही जाणीव भाषाशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथावाचून त्यांना झालेली दिसते.

३ ऑगस्ट २०११ रोजी स्मिथ निवर्तले. त्यांच्या मेंदूची तपासणी झाली होती, तिचा निष्कर्ष मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी निगडित असा, मेंदूचा क्रमाने ऱ्हास घडविणारा विकार त्यांना होता व तो चारपैकी तिसऱ्या अवस्थेला पोहोचला होता. वैद्यकात हा विकार सीटीई ह्या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. त्याचे निश्चित निदान केवळ मृत्यूनंतर, मेंदूतील टाऊ नामक प्रथिनाच्या साठ्यांवरून करता येते. शुद्ध हरपेल इतका मोठा आघात त्यास आवश्यक नसतो. प्रत्येक चकमकीत बसणारे लहान धक्केही वर्षानुवर्षे साचत जातात. फळीतील खेळाडूंच्या वाट्याला असे धक्के सर्वाधिक येतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, तपासलेल्या २०२ दिवंगत फुटबॉलपटूंपैकी १७७ जणांच्या मेंदूत हा विकार आढळला. ज्यांचा खेळ महाविद्यालयापर्यंतच चालला अशा ५३ जणांपैकी तो ४८ जणांत होता. हे मेंदू कुटुंबीयांनी बहुधा शंका आल्यावरून दिलेले असल्याने सर्व खेळाडूंना हे प्रमाण लावणे युक्त नव्हे. तथापि संकटाचे स्वरूप त्यावरून स्पष्ट होते.

येथे पुन्हा भाषेकडे वळणे प्राप्त होते. मुष्टियोद्ध्यांच्या अशाच विकाराचे वर्णन हॅरिसन मार्टलंड ह्या वैद्याने १९२८ साली केले, ते ‘पंच ड्रंक’ ह्या लोकप्रचलित संज्ञेखाली. ठोशांनी झिंगलेला, असा तिचा अर्थ. म्हणजे लोकांच्या थट्टेच्या शब्दाने विकार आधी हेरला आणि शास्त्र मागाहून आले. फुटबॉलपटूंमध्येही डोक्याला धक्का बसून भोवळ आलेल्याची ‘घंटा वाजली’ असे म्हणण्याचा प्रघात होता. अनुभव ठाऊक होता, त्याला नावही होते. परंतु ते नाव हसून सोडून देण्याजोगे होते. प्रहार करण्याला गौरवाची भाषा मिळाली, प्रहार सोसण्याला विनोदाची. स्मृतीने पहिली जपली व दुसरी सोडून दिली.

ह्यावरून चाहत्यांची स्मृती खोटी होती असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ज्यांच्यासाठी एकही अधिकृत आकडा ठेवला गेला नाही त्या खेळाडूंना त्यांनीच विस्मृतीतून वाचविले. २००६ साली विद्यापीठाने स्मिथ यांचा ९५ हा क्रमांक कायमचा निवृत्त केला, त्यामागेही त्या आठवणींचे बळ होते. उणीव आहे ती एवढीच की, घोषातील अध्याहृत कर्म सर्वांनी नेहमी एकाच बाजूला शोधले. आदळणाऱ्या दोन देहांपैकी दोघांनाही धक्का बसतो. ज्याला उद्देशून आज्ञा केली जात होती तोही त्या क्रियेचे कर्म होत होता. वाक्य तेच राहिले आहे. २०१६ नंतर ते उच्चारणाऱ्याला मात्र त्यातील रिकामी जागा अधिक विचाराने भरावी लागेल.