मीडियम फॉरमॅट कॅमेरा घ्यायचाय? आधी लेन्स ठरवा, बॉडी नंतर

मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यात पैसे घालायचे म्हणजे लाखांची गोष्ट. म्हणून माझं मत आधीच सांगतो: बॉडीच्या मेगापिक्सेलवर जाऊ नका, तुमच्या कामाला कोणती लेन्स लागते तिथून सुरुवात करा.

मीडियम फॉरमॅट म्हणजे नेमकं काय?

फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी असतो. फुजीफिल्म जीएफएक्स आणि हॅसलब्लाड एक्स या आटोपशीर सिस्टीममध्ये तो साधारण ४४ × ३३ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास १.७ पट. फोनमधला 'एक इंची' सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमीचा, त्याच्या हे १२ पट. याचा फायदा सावलीतले तपशील आणि रंगांच्या बारीक छटा टिकण्यात दिसतो. १०० मेगापिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयने सुमारे ३९ × २९ इंच छापता येतो. पण फोनच्या स्क्रीनवर हा फरक फारसा कळत नाही.

लेन्सचं गणित

लेन्सवरच्या आकड्याला ०.७९ ने गुणा, की फुल फ्रेमच्या भाषेत उत्तर मिळतं. जीएफ ६३ मिमी म्हणजे साधारण ५० मिमी. मागची धूसरताही याच हिशोबाने मोजायची. जीएफ ५० मिमी एफ/३.५ ही लेन्स फुल फ्रेमवरच्या ४० मिमी एफ/२.८ इतकीच धूसरता देते. म्हणजे नुसत्या ब्लरसाठी एवढा खर्च परवडत नाही; फुल फ्रेमची ८५ मिमी एफ/१.४ ते काम मस्त करते.

वजनही बघा. जीएफ ५० मिमी फक्त ३३५ ग्रॅमची, तर जीएफ ११० मिमी एफ/२ साधारण एक किलोची. कॅमेरा खांद्यावर हलका वाटेल की जड, हे बरंचसं लेन्सच ठरवते.

शटर कुठे आहे?

जीएफएक्समध्ये शटर बॉडीत असतं आणि फ्लॅश साधारण १/१२५ सेकंदापर्यंत जुळतो. हॅसलब्लाडच्या एक्ससीडी लेन्समध्ये शटर लेन्सच्या आतच असतं, त्यामुळे १/२००० सेकंदालाही फ्लॅश चालतो. भर उन्हात फ्लॅश लावून पोर्ट्रेट काढणाऱ्यांना याचं मोल कळेल. मात्र एक्सटूडी १००सी मध्ये व्हिडिओ नाही.

मग घ्यायचा कोणी?

माझा मावसभाऊ लग्नाचे फोटो काढतो. फुल फ्रेमचा सगळा सेट विकून हा घेऊ का, असं त्याने विचारलं. मी सरळ नको म्हटलं. एक्सटूडीची एक रॉ फाइल सुमारे २०० एमबी. एका लग्नात २,००० फोटो काढले तर ४०० जीबी! त्यात हॉलमधला कमी उजेड, अंतरपाट सरकताच टिपायचा क्षण आणि व्हिडिओची मागणी. त्याचं घर ज्या कॅमेऱ्यावर चालतं, तो विकायचा नाही.

दागिने, पैठण्या, इमारती, निसर्गचित्रं असं निवांत काढायचं आणि मोठं छापायचं काम असेल, तर विचार जरूर करा. त्याआधी मागच्या वर्षभरातले तुमचे आवडते ५० फोटो उघडा आणि ते कोणत्या फोकल लेंथवर काढलेत ते बघा. जी सर्वात जास्त वेळा दिसेल, तिच्या जोडीची लेन्स आणि बॉडी दोन दिवस भाड्याने आणा, खऱ्या कामावर वापरा आणि प्रिंट काढून बघा. प्रिंटमध्ये फरक दिसला, तरच पैसे मोजा.