मागल्या बाकावरचे प्राध्यापक

कोठारी शिक्षण आयोगाचे नाव निघाले की 10+2+3 हा आकृतिबंध आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के हिस्सा शिक्षणावर खर्च करावा ही शिफारस, या दोन गोष्टी आपल्याला चटकन आठवतात, परंतु डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली व आपल्या कोल्हापूरकडच्या जे. पी. नाईकांच्या चिटणीसपणाखाली 1966 साली सिद्ध झालेल्या त्या विस्तीर्ण अहवालात विद्यापीठीय अध्यापकांविषयी काही अगदी साध्या सूचना आहेत, आणि त्यांची आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही. नव्याने नेमणूक झालेल्या अध्यापकाला संस्थेत रुळण्यासाठी काही अवधी द्यावा, चांगल्या अध्यापकांची व्याख्याने वर्गात बसून ऐकण्यास त्याला उत्तेजन द्यावे, त्याच्यासाठी नियमित उद्बोधन वर्ग भरवावेत, आणि मोठ्या विद्यापीठांत या वर्गांना कायम स्वरूप देण्यासाठी स्वतंत्र स्टाफ कॉलेजची तजवीज करावी, असा त्या सूचनांचा आशय होता. यांपैकी शेवटच्या दोन सूचना वीसेक वर्षांनी का होईना अंमलात आल्या. दुसरी सूचना, जिला ना इमारत लागत होती ना अनुदान, ती मात्र दप्तरातच राहिली. आणि आज महाविद्यालयांचे वर्ग ज्या वेगाने पालटत आहेत ते पाहता, नेमकी तीच सर्वांत मोलाची होती असे मला वाटते.

प्राथमिक शाळेत शिकवू इच्छिणाऱ्याला डी.एड. व्हावे लागते, माध्यमिक शाळेत बी.एड.; पाठ घ्यावे लागतात, पाठाचे टाचण काढावे लागते, मागे बसलेल्या परीक्षकाला ते दाखवावे लागते. महाविद्यालयातील अध्यापकाला यांतले काहीच लागत नाही. पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, अथवा पीएच.डी., एवढा दाखला पुरतो. नेटच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापनकौशल्यावर प्रश्न असतात हे खरे, पण अध्यापनाविषयी चार पर्यायांतून एक निवडणे आणि शंभर-सव्वाशेच्या तुकडीपुढे उभे राहून तिचे लक्ष विषयाकडे वळविणे, या गोष्टींत फार अंतर आहे. अशा रीतीने विषयाचा पक्का पण अध्यापनात कोरा असलेला तरुण जूनमध्ये रुजू होतो, आणि त्याच्यापाशी भांडवल असते ते फक्त स्वतःच्या आवडत्या गुरुजनांच्या स्मृतीचे. ते शिकवीत तसे तो शिकवू लागतो.

जोपर्यंत समोरचा विद्यार्थी घरची पुस्तके, शहरातले वास्तव्य आणि इंग्रजीचा परिचय या बाबतींत अध्यापकासारखाच होता, तोपर्यंत हे भांडवल पुरले. 1857 साली मुंबईला विद्यापीठ झाले आणि जवळजवळ शतकभर आपल्याकडील उच्च शिक्षण काही थोड्या घरांतच फिरत राहिले. परंतु मराठवाडा विद्यापीठ 1958 साली, शिवाजी विद्यापीठ 1962 साली, जळगावचे 1990 साली आणि नांदेडचे 1994 साली स्थापन झाले, तालुक्यातालुक्यांत महाविद्यालये निघाली, आणि ज्या घरात पदवीधर हा शब्द नातलगांपैकी कोणालाही लावता येत नव्हता त्या घरातली मुलगी एस.टी.च्या पासावर महाविद्यालयात येऊ लागली. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाप्रमाणे 2021-22 साली देशात 4 कोटी 33 लक्ष विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते व त्यांत मुलींची संख्या 2 कोटी 7 लक्ष होती. ही आपल्या लोकशाहीच्या अभिमानाची गोष्ट आहे. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेला, पहाटे दूध घालून आलेला किंवा रात्रपाळी करून आलेला विद्यार्थी आणि इंग्रजी शाळेतून आलेला विद्यार्थी एकाच बाकावर बसतात, तेव्हा जुन्या स्मृतीवर उभे असलेले व्याख्यान त्यांच्यापैकी एकालाच पोहोचते, आणि बहुधा ज्याला त्याची गरज सर्वांत कमी त्यालाच.

शासनाला याची जाणीव झाली नाही असे मुळीच नाही. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने 1987 पासून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढण्यास प्रारंभ केला. पुणे, मुंबई, नागपूर, औरंगाबाद आणि गोवा येथील विद्यापीठांत ती उभी राहिली. नव्या अध्यापकांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि पुढे विषयातील नव्या घडामोडींसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, असा त्यांचा दीर्घकाळ शिरस्ता होता. पुढे त्यांचे मनुष्यबळ विकास केंद्र असे नामांतर झाले, 2014 साली पंडित मदनमोहन मालवीयांच्या नावाने अध्यापकांसाठी राष्ट्रीय अभियान सुरू झाले, आणि 2023 च्या शिक्षकदिनी या सर्वांची मालवीय मिशन या नावाखाली फेररचना होऊन 111 केंद्रांतून 15 लक्ष अध्यापकांना प्रशिक्षण देण्याचा संकल्प जाहीर झाला. पवईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांनी त्याआधीच एक धाडसी प्रयोग केला होता: पवईतून दिलेले व्याख्यान देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील केंद्रांवर एकाच वेळी पोहोचावे, तेथील अध्यापकाने आपल्या गावी बसूनच पवईच्या प्राध्यापकाला शंका विचारावी, आणि अशा रीतीने दहा हजार अध्यापक तयार व्हावेत, अशी ती योजना होती. 2020 च्या टाळेबंदीत साऱ्या देशालाच दूरस्थ अध्यापन करावे लागले, तेव्हा त्या प्रयोगाचे महत्त्व अनेकांना कळले.

या उद्बोधन-उजळणी वर्गांनी काहीच साधले नाही, असे मी म्हणणार नाही. भूगोलाचा अध्यापक आणि संस्कृतचा अध्यापक तीन-चार आठवडे एका वसतिगृहात राहतात, एका पंक्तीत जेवतात, आणि आपल्या अडचणी आपल्या एकट्याच्या नाहीत हे त्यांना उमगते, हा लाभ लहान नव्हे. परंतु या वर्गांची हजेरी बढतीशी जोडली गेली आणि तिचा परिणाम व्हायचा तो झाला. ‘ओरिएंटेशन झालं का?’, ‘एक रिफ्रेशर राहिलाय, म्हणून प्लेसमेंट अडली आहे,’ ही वाक्ये स्टाफरूममध्ये नित्याची झाली. आणि वर्ग संपवून परतलेल्या अध्यापकाला प्रमाणपत्र कार्यालयात जमा केले काय, एवढे विचारणारे पुष्कळ भेटले, तरी तुमच्या तासात आता काय निराळे घडते हे विचारणारा क्वचितच कोणी भेटला. दोष व्यक्तीचा नाही. वर्गापासून दूर, वर्गाचा संबंध न ठेवता दिलेले शिक्षण वर्गात परत येण्याची वाटच आपण ठेवलेली नाही.

वर्गात काय घडत असते हे अध्यापकाला स्वतःला किती थोडे दिसते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण हार्वर्ड विद्यापीठातले आहे. तेथील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक माझूर हे विद्यार्थिप्रिय अध्यापक. त्यांचे विद्यार्थी पुस्तकातली कठीण गणिते सफाईने सोडवीत. 1990 च्या सुमारास भौतिकीच्या अध्यापनाचे अभ्यासक डेव्हिड हेस्टेनिस यांचे लेखन त्यांच्या वाचनात आले, आणि मूलभूत कल्पनांवरचे अगदी साधे प्रश्न त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घातले: अवजड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर अधिक बल लावतो? न्यूटनचा तिसरा नियम पाठ असलेल्या अनेकांनी ट्रकचे नाव लिहिले. आणि एका विद्यार्थिनीने तर विचारले की, उत्तर तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू, की मी एरवी विचार करते त्याप्रमाणे? त्या प्रश्नाने माझूर यांची अध्यापनपद्धतीच पालटली. व्याख्यान थोडे देऊन ते एक प्रश्न मांडू लागले. प्रत्येकाने प्रथम एकट्याने विचार करून उत्तर नोंदवावे, मग शेजाऱ्याशी वाद घालून त्याला पटवावे, पुन्हा उत्तर द्यावे, आणि त्यानंतर अध्यापकाने बोलावे, असा क्रम त्यांनी बसविला.

हा क्रम आपल्याकडे चालेल काय, अशी शंका स्वाभाविक आहे. समजा, निफाड तालुक्यातल्या एखाद्या महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या अर्थशास्त्राच्या तासाला अध्यापकाने विचारले की, अवकाळी पावसाने कांद्याचे पीक घटले आणि लासलगावच्या बाजारात भाव दुपटीहून वर गेला, तर सर्व उत्पादकांचे मिळून उत्पन्न वाढेल की घटेल? कांद्याची मागणी भावाच्या मानाने फारशी आखडत नाही, म्हणून एकंदर उत्पन्न वाढण्याचा संभव अधिक, हे पुस्तकी उत्तर होय. पण जिच्या घरचा कांदा त्याच पावसात सडला ती मुलगी हे मान्य करणार नाही, आणि ज्याच्या वडिलांनी चाळीत साठवलेला माल त्याच आठवड्यात काढला तो मुलगा लगेच मान्य करील. दोघे भांडू लागतात, आणि त्या भांडणातून समष्टी व व्यक्ती यांतील भेद, साठवणुकीचे अर्थशास्त्र, सरासरीआड दडलेली विषमता, असे कितीतरी सिद्धांत फळ्यावर येण्यापूर्वीच वर्गात अवतरतात. ज्या अनुभवामुळे हे विद्यार्थी ‘कच्चे’ समजले जातात, तोच येथे विषयाचे मूळ द्रव्य ठरतो. मराठीत वाद घालून मग इंग्रजी पाठ्यपुस्तकाकडे वळलेला विद्यार्थी त्या पुस्तकात काय शोधायचे हे जाणून असतो. व्याख्यान आणि अशा सक्रिय पद्धती यांची तुलना करणाऱ्या 225 अभ्यासांचे संकलन 2014 साली अमेरिकेत विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांपुरते प्रसिद्ध झाले. त्यात निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत अनुत्तीर्णांचे प्रमाण सुमारे 34 टक्के, तर इतर वर्गांत सुमारे 22 टक्के आढळले. अनुत्तीर्ण होऊन शिक्षण सोडणारे बहुधा कोणत्या घरांतले असतात हे लक्षात घेतले, म्हणजे या अंतराचे मोल कळते.

मात्र असा प्रश्न रचणे हे सोपे काम नव्हे. तो फार सोपा झाला तर वाद होत नाही, फार कठीण झाला तर वर्ग गप्प बसतो. आणि प्रश्न घातल्यावर मागल्या तीन रांगांत खरोखर चर्चा चालली आहे की कालच्या सामन्याची उजळणी, हे फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. ते मागे बसलेल्या सहकाऱ्याला कळते. भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळविलेले कार्ल वीमन यांनी 2006-07 पासून कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात व अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात अध्यापनसुधारणेचे जे मोठे कार्य उभारले, त्यात त्यांनी अध्यापकांना दूरच्या केंद्रात धाडले नाही. त्या त्या विषयाचे जाणकार असे साहाय्यक प्रत्येक विभागातच नेमले, आणि त्यांनी अध्यापकाबरोबर वर्गात बसून, प्रश्न रचून, विद्यार्थ्यांची उत्तरे तपासून काम केले. कोठारी आयोगाच्या त्या विस्मृत सूचनेचेच हे विकसित रूप होय.

आपल्याकडे सहकारी वर्गात येऊन बसला की अध्यापकाच्या मनात प्रथम तपासणीची शंका येते, आणि ती निराधार नाही; गोपनीय अहवाल, स्वमूल्यमापनाचे तक्ते आणि नॅकच्या भेटी यांची सवय झालेल्या मनाला निरीक्षण म्हणजे नोंद आणि नोंद म्हणजे बढतीवरचे संकट, हे समीकरण पक्के ठाऊक असते. म्हणून सहकाऱ्यांच्या या वर्गभेटींचा एक कागदही प्राचार्यांच्या दप्तरी जाता कामा नये, हा निर्बंध पहिला. भेट उभयपक्षी असावी, आज मी तुमच्या तासाला, उद्या तुम्ही माझ्या. आणि वीस वर्षांच्या अनुभवी प्राध्यापकाने नवख्याच्या वर्गात बसावे तसेच नवख्याने त्यांच्या वर्गात बसावे. यंत्राकडून लिहून घेतलेले सफाईदार निबंध अंतर्गत मूल्यमापनासाठी येऊ लागल्यापासून तर दोघांनी मिळून विद्यार्थ्यांच्या वह्या पाहणे, आणि घरी सोडविण्याचा कोणता प्रश्न आता वर्गात समोर बसवून विचारला पाहिजे हे ठरविणे, फार निकडीचे झाले आहे. 2020 चे नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2023 पासून स्वायत्त आणि त्यापुढल्या वर्षापासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाल्यावर अभ्यासक्रम व श्रेयांकांची सारी रचना पालटली; हे काम एकट्याने रेटण्याजोगे राहिलेले नाही.

बढतीशी जोडलेल्या प्रशिक्षणाच्या या व्यवस्थेत सर्वांत मोठा अन्याय ज्यांच्यावर होतो ते तासिका तत्त्वावरचे अध्यापक. जागा रिकाम्या राहिल्याने महाराष्ट्रातील कितीतरी वर्ग त्यांच्याच आधारावर चालतात. सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी दुसऱ्यात शिकवणाऱ्या या तरुणांना बढतीच नाही, म्हणून बढतीशी जोडलेले प्रशिक्षण त्यांच्या वाट्याला येत नाही, आणि तास बुडवून ते घ्यावे तर मोबदलाही बुडतो. पहिल्या पिढीचा विद्यार्थी पुष्कळदा ज्याच्या हाती प्रथम येतो तोच अध्यापक असा निराधार ठेवला जातो. प्रत्येक विभागाच्या जूनमधील वेळापत्रकात आठवड्याचा एक तास परस्परांच्या वर्गभेटीसाठी छापून राखून ठेवावा, आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकाला त्या तासाचे मानधन शिकविण्याच्या तासाइतकेच मिळावे. एवढी तरतूद विद्यापीठाच्या एका परिपत्रकाने आणि शासनाच्या एका निर्णयाने होऊ शकते.