पगार वाढतो, शिल्लक का वाढत नाही?

तारापूर एमआयडीसीत पगारवाढ झाली की शिरगाव-पालघरच्या घरांतून हमखास ऐकू येतं, 'आता चार पैसे मागे पडतील.' जास्त कमावणारे सरासरीने उत्पन्नाचा मोठा हिस्सा वाचवतात हे खरं आहे. पण ते आपोआप घडत नाही. दुचाकीच्या जागी चारचाकी येते, मुलाची शाळा बदलते, आणि वाढीव पगार हातात पडण्याआधीच त्याचे हप्ते ठरलेले असतात.

कमी कमाईत बचत होतच नाही, हा समज तर आपल्या किनाऱ्यावरच खोटा ठरतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. सातपाटी-शिरगावच्या मच्छीमार घरात तेव्हा बोटीची आवक थांबते, आणि नेमकी त्याच दिवसांत वह्या-पुस्तकं, बोटीची डागडुजी, जाळ्यांची दुरुस्ती उभी राहते. म्हणून मे संपायच्या आत भिशी, बचतगट, पावसात विकायला सुकवून ठेवलेले बोंबील अशी तजवीज करावीच लागते. ज्यांना जमत नाही त्यांना पुढच्या हंगामाच्या मासळीवर उचल घ्यावी लागते, आणि ती फार जड जाते. ही तजवीज करणाऱ्या मच्छीमार घरांतल्या बायकांच्या हिशेबाला कुणी अर्थनियोजन म्हणत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पगारदार घरांतून आणखी एक ऐकू येतं, 'फ्लॅटचा हप्ता म्हणजे बचतच की!' तेही काही अंशीच खरं. 25 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षं मुदत धरली तर हप्ता सुमारे 21,700 रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले 17,700 व्याजात जातात. मुद्दल फिटतं जेमतेम 4,000.

मग बचत टिकते कशाने? कामगाराच्या बेसिक आणि महागाई भत्त्यातून 12 टक्के पीएफ हातात येण्याआधीच कापला जातो, म्हणून तो साठतो. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एका कारखान्यात हेच पगारवाढीला जोडलं. दर वाढीबरोबर बचतीचा टक्का आपोआप वाढेल, असं कामगारांकडून आधीच ठरवून घेतलं. 40 महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली.

इथेही ते अवघड नाही. पगार 30,000 वरून 33,000 झाला, तर त्याच महिन्यापासून 1,500 रुपयांचं पोस्टातलं आवर्ती खातं सुरू करावं. उरलेले 1,500 घराला मिळतातच. पाच वर्षांत मुद्दलच 90,000 होतं, व्याज वेगळं.